अर्धा लिटर युरिया, चाळीस गुंठे भात

अलिबागच्या उत्तरेला थळ येथे आरसीएफ या सरकारी कंपनीचा खत कारखाना आहे. अरबी समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू उरणला किनाऱ्यावर येतो, तिथून नळाने थळला जातो, त्यापासून अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया, आणि पांढरे दाणे गोणीत भरले जातात. १९८० च्या दशकाच्या मध्यात हा कारखाना सुरू झाला. त्याआधी त्याच्या जागेवरून मोठा वाद झाला होता. मुंबईच्या तोंडासमोरचा हा हिरवा किनारा रासायनिक कारखान्याला द्यायचा का, असा सवाल पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी केला. जमिनी गेल्या त्यांनी नोकरीचे काय, असे विचारले. कारखाना झाला, आणि कोकणातल्या भातशेतीला युरियाची सवय लागली ती लागलीच.

तेव्हाचे प्रश्न डोळ्यांना दिसणारे होते: जमीन, धूर, सांडपाणी, रोजगार. आता खताच्या दुकानात जी वस्तू आली आहे तिच्याविषयीचे प्रश्न इतके उघड नाहीत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशाखाली नॅनो युरियाला मान्यता दिली. इफको या सहकारी संस्थेने गुजरातमधल्या कलोल येथे तो विकसित केला आणि त्याच वर्षी मे अखेरीस बाजारात आणला. जुलैमध्ये हे तंत्रज्ञान आरसीएफ आणि एनएफएल या सरकारी कंपन्यांना देण्याचा करार झाला. म्हणजे ज्या कंपनीच्या थळच्या कारखान्यातून युरियाची गोणी निघते, तिलाच गोणीचा पर्याय बनवण्याचे तंत्र मिळाले. पर्याय म्हणजे ५०० मिलिलिटरची बाटली, सुरुवातीची किंमत २४० रुपये. ती पाण्यात मिसळून एक एकरावर फवारली की ४५ किलोच्या एका गोणीचे काम होते, असा दावा.

नॅनो म्हणजे नेमके किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास भरते. साधारण एक ते शंभर नॅनोमीटर या टापूतल्या कणांना नॅनोकण म्हणतात. आकार लहान झाला एवढेच असते तर या चर्चेची गरज नव्हती. खरी गोष्ट पृष्ठभागाची आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन एक नॅनोमीटरच्या घनांत कापला तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभागांची बेरीज सहा हजार चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दीड एकर. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. म्हणून या आकारात चांदी जिवाणू मारण्यात कितीतरी पटीने तरबेज होते, आणि मोठ्या कणांच्या रूपात निरुपद्रवी ठरलेला पदार्थ नव्याने तपासावा लागतो.

लंडनची रॉयल सोसायटी आणि तिथलीच रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांनी जुलै २००४ मधल्या संयुक्त अहवालात नेमके हेच सांगितले: नॅनोकण हे कायद्याच्या दृष्टीने नवे रसायन मानावे. मोठ्या कणांची जुनी प्रमाणपत्रे त्यांना लावू नयेत. २००८ साली एडिनबरोच्या संशोधकांनी लांब कार्बन नॅनोनलिका उंदरांच्या पोटात टोचून पाहिल्या, तर तिथल्या अस्तरावर अ‍ॅस्बेस्टॉससारखा परिणाम दिसला. दुसरीकडे, २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ या गाळणीत भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण वापरले होते. विजेशिवाय चालणारी ही गाळणी कमी पैशांत पाणी शुद्ध करत होती. तेव्हा नॅनो म्हटले की घाबरावे किंवा नॅनो म्हटले की हुरळून जावे, यातले काहीच मला पटत नाही. प्रत्येक वस्तू तिच्या कामावर आणि तिच्या जोखमीवर जोखली पाहिजे. प्रश्न असा की ते जोखणार कोण, कुठे, आणि ज्याच्या शेतात ती वस्तू जाणार त्याला निकाल कधी कळणार.

बाटलीकडेच बघू. पहिल्या नॅनो युरियात नत्राचे प्रमाण चार टक्के होते. अर्ध्या लिटरच्या चार टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र. साध्या युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत ते २० किलो ७०० ग्रॅम भरते. एका बाजूला ग्रॅम आहेत, दुसऱ्या बाजूला किलो. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे गुंठ्याला एक किलो. या हिशेबाने बाटलीतले नत्र एका गुंठ्याच्या पन्नासाव्या भागाला पुरेल, आणि बाटली आहे चाळीस गुंठ्यांसाठी.

यावर उत्पादकांचे उत्तर आहे, आणि ते नीट ऐकले पाहिजे. शेतात फेकलेल्या युरियातले बरेचसे नत्र वाया जाते. काही अमोनिया होऊन उडते, काही पाण्याबरोबर वाहते, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवा तापवते. पिकाच्या पदरात तीस-चाळीस टक्के पडते. नॅनोकण थेट पानातून शिरतात, म्हणून ते जवळजवळ सगळे उपयोगी पडतात, असे त्यांचे म्हणणे. वाया जाण्याविषयीचा भाग अगदी खरा आहे. पण हिशेब इथेही जुळत नाही. गोणीतले तीसच टक्के लागू पडले असे धरले तरी पिकाला सहा किलोवर नत्र मिळते. बाटलीतले शंभर टक्के लागू पडले तरी मिळतात २० ग्रॅम. फरक तीनशे पटींचा. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एका शोधनियतकालिकात याच मुद्द्यावर बोट ठेवले, आणि युरिया मुळातच पाण्यात सहज विरघळतो, पानावर फवारला की तसाही आत जातो, याची आठवण करून दिली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतचाचण्यांत नत्राचा काही भाग कमी करून त्या जागी नॅनो युरिया फवारल्यावर भात आणि गहू दोन्हींचे उत्पादन घटले, दाण्यातले नत्रही घटले. दाण्यातले नत्र घटले म्हणजे भातातली प्रथिने घटली. इफकोने हे आक्षेप मान्य केले नाहीत. हजारो शेतांवरच्या चाचण्यांत सरासरी आठ टक्के वाढ दिसल्याचे संस्था सांगते. २०२४ मध्ये जास्त नत्राचा नॅनो युरिया प्लस आला. त्याच्या बाटलीत सुमारे शंभर ग्रॅम नत्र असते. पाचपट झाले हे चांगलेच, तरी वरच्या हिशेबातली दरी साठपटींची उरते.

शास्त्रज्ञांत मतभेद असणे हे काही संकट नाही. मला खटकते ते वेगळे. मतभेद मिटण्याआधी, लाखो शेतांवर वस्तू पोचल्यानंतर, ही चर्चा सुरू झाली. आणि कोकणापुरते बोलायचे तर एक अगदी साधी गोष्ट कोणी आधी पाहिल्याचे दिसत नाही. ही फवारणी पहिल्यांदा फुटव्यांच्या वेळी आणि पुन्हा फुलोऱ्याआधी करायची असते. फवारल्यावर काही तासांत पाऊस आला तर पुन्हा फवारा, अशी सूचना असते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भाताला फुटवे येतात ते ऐन श्रावणाच्या सरींत. पाठीवर पंप घेऊन चिखलात उतरायचे, अर्धा दिवस मजुरी घालायची, आणि संध्याकाळी सर आली की सगळे धुऊन खाचरात. गुजरातच्या गव्हाला लागू पडणारी पद्धत पेणच्या भाताला तशीच लागू पडेल, हे गृहीत धरणे हाच मुळात चुकीचा कारभार आहे.

याच जिल्ह्याच्या मातीत नत्राची नासाडी थांबवण्याचा एक उपाय आधीच तपासून झालेला आहे, हे फार थोड्यांना आठवते. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती. भाताच्या तुसाची राख व पेंढा जमिनीला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर ठरावीक अंतराने लावणी करायची, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. गोळी २.७ ग्रॅमची. शेतकरी तिला ब्रिकेट म्हणतात. अंतर १५ आणि २५ सेंटिमीटर, आलटून पालटून. लावणी झाली त्याच दिवशी, पाय अजून चिखलात असतानाच, बोटांनी गोळी आत दाबली जाते. खालच्या थरात हवा नसते, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहते, उडत नाही, वाहत नाही, आणि मुळे त्याच्यापर्यंत हळूहळू पोचतात. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात. कष्ट आहेत, कंबर मोडते, हेही खरे. पण यात शेतकऱ्याच्या समजेपलीकडचे काही नाही. गोळी हातात असते, किती टाकली ते मोजता येते, चुकले तर का चुकले ते दिसते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ती पद्धत शिफारशीत घेतली. गोळी बनवणाऱ्या यंत्रांवर आणि खोचण्याच्या साध्या अवजारावर बाटलीच्या प्रचाराइतका जोर लावला असता तर आज किती खाचरांत युरिया वाचला असता, हा विचार मला सोडत नाही.

आता पैशाचे बघू, कारण नीतीचा खरा पेच तिथे आहे. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे. वरचे पैसे सरकार अनुदान म्हणून भरते. बाटलीवर अनुदान नाही. शेतकऱ्याच्या खिशातून दोन्हींना जवळजवळ तेवढेच पैसे जातात. म्हणजे गोणीऐवजी बाटली खपली तर वाचतात ते सरकारी तिजोरीचे पैसे. अनुदान वाचावे, आयात घटावी, हे हेतू चांगलेच आहेत. पण पीक कमी आले तर ते कमी येते शेतकऱ्याच्या कणगीत. फायदा एकाकडे, जोखीम दुसऱ्याकडे. या मांडणीला विज्ञानाच्या भाषेत काहीही नाव द्या, रोह्याच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न परवडणारा सौदा आहे. पीक घटले तर भरपाई कोण देणार, हे बाटलीवर कुठेच छापलेले नसते.

त्यात लिंकिंगची भर. हा शब्द कृषी सेवा केंद्राच्या फळीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. युरियाची गोणी पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या. खताचा हंगाम चार दिवसांचा असतो, गोणी आज नाही मिळाली तर हप्ता चुकतो, म्हणून माणूस मुकाट्याने घेतो. दुकानदाराला विचारले तर तो वरच्या पुरवठादाराकडे बोट दाखवतो, कारण त्यालाही माल तसाच जोडून आलेला असतो. अशा तक्रारी देशभरातून आल्या आणि अनुदानित खताबरोबर दुसरे काही गळ्यात मारू नका, असे केंद्राला बजावावे लागले. नव्या तंत्रज्ञानाच्या कारभारातले पहिले तत्त्व संमतीचे. औषधाची चाचणी माणसावर करायची तर त्याची लेखी संमती लागते. खाचरावर चाचणी चालली आहे, तर खाचराच्या मालकाला निदान नाही म्हणता आले पाहिजे.

आणि खाचराचे पाणी खाचरातच राहत नाही. पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्ट्यात भात पिकते ते समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीवर. पावसाचे जादा पाणी उघाडीतून खाडीत सोडतात. खाडीच्या चिखलात निवट्या असतात, खेकडे असतात, शिंपल्या वेचून संसाराला हातभार लावणाऱ्या बायका असतात, आणि ज्याच्यासाठी हा भाग ओळखला जातो तो जिताडा मासा इथल्या खाड्यांत आणि गावतळ्यांत वाढतो. खत निवडले आगरी शेतकऱ्याने, पाणी गेले कोळणीच्या पाटीतल्या मासळीपर्यंत. तिला कोणी विचारले? नॅनो युरियाने खाडी बिघडते असे मी म्हणत नाही, नत्राचे प्रमाण पाहता त्याची भीती साध्या युरियापेक्षा कमीच. पण पाठोपाठ जस्ताचे, तांब्याचे नॅनोकण खते आणि फवाऱ्यांत येत आहेत. धातू विरघळला तरी संपत नाही, गाळात साठतो. मासे आणि शिंपल्यांवर काय परिणाम होतो याची तपासणी इथल्या खाऱ्या, भरती-ओहोटीच्या पाण्यात व्हायला हवी. गोड्या पाण्याच्या टाकीतली चाचणी इथे पुरत नाही, कारण क्षारांमुळे हे कण एकमेकांना चिकटतात आणि वेगळेच वागतात.

किनाऱ्याच्या मागे कारखान्यांची रांग आहे: तळोजे, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड. कुंडलिका आणि सावित्री या नद्यांनी तिची किंमत मोजली आहे. कारखान्याच्या संमतिपत्रात सांडपाण्याचा सामू, बीओडी, सीओडी, तरंगते घन पदार्थ यांच्या मर्यादा असतात. कणाच्या आकाराचा निकष नसतो. आत काम करणाऱ्यांसाठीच्या हवेतल्या धुळीच्या मर्यादाही वजनात मोजतात, घनमीटरला इतके मिलिग्रॅम. वर पाहिलेला दीड एकराचा हिशेब इथे आठवावा: वजन तेच असताना सूक्ष्म धूळ फुप्फुसात कितीतरी जास्त पृष्ठभाग घेऊन जाते. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, नायोशने, २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या: साध्या बारीक धुळीला घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म धुळीला ०.३. पदार्थ एकच, मर्यादा आठपट कडक. पोती फोडून रंगद्रव्य ओतणाऱ्या कंत्राटी कामगाराला हा फरक सांगणे ही मालकाची जबाबदारी झाली पाहिजे, आणि ती कायद्यात लिहिलेली पाहिजे.

इतरत्र काय चालते? युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनातल्या घटकांच्या यादीत नॅनोकण असल्यास तसे छापावे लागते. फ्रान्सने त्याच वर्षी नोंदवही सुरू केली. वर्षाला शंभर ग्रॅमहून जास्त नॅनोपदार्थ बनवणारा, आयात करणारा किंवा पुरवणारा प्रत्येक जण सरकारला कळवतो. आपल्याकडे २००७ मध्ये एक हजार कोटींच्या तरतुदीने नॅनो मिशन सुरू झाले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांतून मोलाचे संशोधन झाले. नियमांची गाडी मात्र मागून आली. औषधांसाठी २०१९ मध्ये आणि शेतीतल्या व अन्नातल्या नॅनोपदार्थांसाठी जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्या अभ्यासपूर्ण आहेत. पण त्या सूचना आहेत, स्वतंत्र कायदा नाही, आणि नॅनोपदार्थांची सार्वजनिक नोंदवहीही नाही. शिवाय तालुक्याच्या खत निरीक्षकाने बाटलीचा नमुना काढला तरी त्यातले नत्र तपासता येईल. कणाचा आकार खरोखर नॅनो आहे का, हे पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. जो नियम तालुक्यात तपासताच येत नाही, तो शेतकऱ्यासाठी असून नसल्यासारखा.

लोकांना यातले काय कळणार, असे अधिकारी अनेकदा म्हणतात. रायगडाने त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझच्या) प्रश्नावर पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत प्रशासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, हे ज्याची जमीन त्याला विचारले गेले. बहुसंख्य शेतकऱ्यांनी विरोधात मत दिले, आणि तो प्रकल्प पुढे सरकला नाही. डेन्मार्कने १९८० च्या दशकापासून नव्या तंत्रज्ञानावर सामान्य नागरिकांच्या परिषदा भरवल्या, तज्ज्ञांची उलटतपासणी त्यांना करू दिली, याचे जगभर कौतुक होते. पेणच्या शेतकऱ्यांनी दिलेला कौल मला त्याच तोलाचा वाटतो. खताच्या बाटलीसाठी मतपेट्या लावा असे नाही. पण कर्जतचे भात संशोधन केंद्र, पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र आणि रोह्याजवळच्या किल्ला गावातले कृषी विज्ञान केंद्र, या तिघांकडे जमीन आहे, माणसे आहेत, पाऊस आहे. कोकणातल्या तीन पावसाळ्यांच्या चाचण्यांचे आकडे, यशाचे आणि अपयशाचे दोन्ही, मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावल्याशिवाय कोणतेही नॅनो खत या जिल्ह्यात सरकारी शिफारशीत येऊ नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

तोवर वाचकांपैकी जे शेती करतात त्यांना एवढेच सांगणे. बाटली गळ्यात मारली तर पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. स्वतःहून वापरून बघायची असेल तर सगळ्या शेतावर बघू नका. शेजारशेजारची दोन सारखी खाचरे निवडा, एकाला नेहमीचा युरियाचा हप्ता, दुसऱ्याला तो कमी करून फवारणी. कापणीला दोन्हींचे भात वेगळे झोडा, वेगळे वाळवा, वेगळे तोला. कृषी सहायकाला त्या दिवशी बोलावून घ्या आणि दोन्ही वजने ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहायला लावा.